देवाच्या झाडाचा परवाना

सहादेव नानांनी जन्मात कधी विडी ओढली नाही, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली नाही. तरी गांजावर बोलणारा माणूस कोण असं कुणी विचारलं, की सगळा गाव त्यांच्याकडेच बोट दाखवायचा.

सोनईच्या पुढं कालव्याच्या कडेनं गेलं की त्यांची वस्ती लागते. पुढं कांद्याची चाळ, मधे चार खोल्यांचं घर, मागं तूर आणि ऊस. घरात नाना, त्यांची बायको छबूबाई, शुगर फॅक्टरीत कामाला असलेला मुलगा अमृत आणि सून अश्विनी. नाना सकाळी दूध घालायला गावात जायचे आणि रिकामी किटली मांडीशी ठेवून मारुतीच्या पारावर बसायचे. एकदा बसले की उठायचं नाव नाही. छबूबाई म्हणायच्या, "किटली येळंवर परत आली की समजायचं, आज ऐकनारं कुनी भेटलं न्हाई."

बोलण्याचा विषय ठरलेला. नानांचे वडील तरुणपणी, इंग्रजांच्या राज्यात, परवान्याच्या गांजाच्या रानात मजुरीला जायचे. आपल्या नगर जिल्ह्यात सरकार स्वतः परवाने देऊन गांजा पिकवून घ्यायचं, हे आताच्या पोरांना खरं वाटत नाही. नानांना मात्र बापाच्या तोंडून ऐकलेलं सगळं पाठ होतं. नर झाड दिसलं की उपटून टाकायचे. माद्यांचे तुरे कापून उन्हात पसरायचे, पायांनी तुडवून चपटे करायचे. मग मोजून, बांधून, बैलगाडीनं नगरच्या गोदामात. तिथं दाराला दोन कुलपं. एकाची किल्ली सरकारकडं, दुसऱ्याची मालकाकडं. सरकारचा कर भरला की मगच दोन्ही किल्ल्या एकत्र यायच्या. हे सांगताना नाना दोन्ही मुठी पुढं करून किल्ल्या फिरवून दाखवायचे.

"दोन कुलपं," ते म्हणायचे. "मालकाला चोरी करता येत न्हाई, सरकारला बी करता येत न्हाई."

पारावरचा वाल्मिक नानांच्याच वयाचा, शेजारच्याच रानातला. नानांना चावी देणं हा त्याचा रोजचा उद्योग.

"नाना, समजा, सरकारनं उद्या गांजा मोकळा केला आन तुमाला अबकारी मंत्री केलं. कर कसा लावनार?"

"पैलं सांग, कशावर लावू? झाडावर लावला तर मानूस एकच झाड लावून त्याचा वड करील. वजनावर लावला तर लोक हलका पन जहाल माल काढतील, पोरं एका झुरक्यात आडवी. किमतीवर लावला तर पावती खोटी."

"मग?"

"जहालपनावर लावायचा. जेवढी नशा जास्त, तेवढा कर जास्त. आन तो बी बेतानं. लई लावला की चोरवाट चालू, कमी लावला की कालेजची पोरं चहावानी ओढतील."

"म्हंजी भाजीत मीठ घालावं तसं."

"व्हय, तसंच."

"मग छबूवहिनीलाच मंत्री करा की. तुमी नुसती किटली धरा."

पार हसायचा. नानाही हसायचे. पण मग पुन्हा बोट वर. "एकवीस वर्षांच्या आत कुनाला द्यायचा न्हाई. शाळंच्या जवळ दुकान न्हाई. दुकानदार आमदाराचा मेव्हना नको. आलेला पैसा व्यसन सोडवायच्या दवाखान्याला."

"आन तुमाला काय मिळनार ह्याच्यात?"

"मला एका झाडाचा परवाना," नाना म्हणायचे. इथं मात्र ते हसायचे नाहीत.

त्या एका झाडामागं गोष्ट होती. गावात नाथबाबांची समाधी आहे. माघात त्यांचा उत्सव असतो. उत्सवाच्या पहाटे धुनी पेटली की पहिली चिलीम समाधीपुढं ठेवायची, आणि ती ठेवायचा मान नानांच्या घराचा. चिलीम भरायची, खाली ओलं फडकं गुंडाळायचं, धुनीतला निखारा चिमट्यानं वर ठेवायचा आणि मागं सरायचं. तिला कुणी तोंड लावायचं नाही. आपोआप विझली की नाथबाबांनी घेतली. मग ती राख कपाळाला लावून आरती. नानांच्या आज्यापासून हे चालत आलेलं. त्या एका चिलमीसाठी तुरीच्या ओळीत, बांधापासून आत, दरसाल झाड लावलं जायचं. एक लावायचं आणि एक वर, गेलं-मेलं तर म्हणून. उत्सव झाला की उरलेलं सगळं धुनीत. वस्तीवर काडी ठेवायची नाही, हाही नियमच.

आज्याच्या काळात ते झाड उघडं होतं. नंतर कायदा आला आणि ते तुरीच्या आड गेलं. गावाला ठाऊक होतं, पण बोलत कुणी नव्हतं. नानांच्या मनाला मात्र ते खात होतं. एकदा अमृतनं मोबाईलवर दाखवलं, उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका राज्यात कापडासाठी, औषधासाठी भांगेची झाडं लावायला सरकार परवाने देतं म्हणून. अमृतनं गंमत म्हणून दाखवलं आणि विसरून गेला. नाना नाही विसरले.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी त्यांनी अश्विनीच्या ड्रॉवरमधून कोरे कागद घेतले आणि ओट्यावर पालथी परात मांडीवर घेऊन लिहायला बसले. सातवीपर्यंतच शिकले, पण अक्षर मोत्यासारखं. लिहून झाल्यावर छबूबाईंना वाचून दाखवलं. माननीय साहेबांना विनंती की, आमच्या घराण्याकडून नाथबाबांच्या सेवेसाठी दरसाल गांजाचं झाड लावलं जातं. यंदा दोन आहेत. गट नंबर अमुक, तुरीच्या पाचव्या ओळीत. अर्जदार स्वतः कोणतंही व्यसन करत नाही. तरी रीतसर परवाना मिळावा, शासन ठरवील तो कर भरण्यास अर्जदार तयार आहे. पाहणीस केव्हाही यावे.

छबूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "आवो, आजवर झाकून चाललंय ते चाललंय. कशाला सरकारला घरात बोलावता?"

"झाकून चाललंय हेच तर," नाना म्हणाले. "तू सकाळी वाल्मिकच्या जास्वंदीचं फूल तोडतीस. विचारून तोडतीस का न विचारता?"

"विचारून."

"का? देवालाच तर वाहायचं असतं."

छबूबाईंनी सूप खाली ठेवलं. न विचारता आणलेलं फूल त्यांनी खरंच कधी देवाला वाहिलं नव्हतं.

"मी दरसाल चोरीचा माल देवापुढं ठेवतोय," नाना म्हणाले. "कर भरला की तो माझा झाला. मग द्यायला मोकळा."

"अमृतला तरी विचारा."

"त्यो न्हाईच म्हननार. त्याला सांगू नको."

आणि छबूबाईंनी सांगितलं नाही. नाना सणाचं धोतर नेसून तालुक्याच्या कचेरीत गेले, अर्ज दिला, पोहोच म्हणून शिक्का मारून घेतला. तिथला कारकून अर्ज वाचून दुसऱ्याला हाका मारून बोलवायला लागला, हे त्यांनी घरी येऊन कौतुकानं सांगितलं. "लई आस्थेनं वाचला गं. चौघांनी वाचला."

नवरात्रात, घट बसलेले असताना, जीप आली. मागं अजून एक गाडी. छबूबाई घटाला पाणी घालत होत्या. नाना चाळीत कांदे निवडत होते, ते तसेच हात झाडत पुढं झाले.

"सहादेव कोण?" खाकीतल्या फौजदारानं विचारलं. मागं तालुक्याच्या कचेरीतले एक साहेब उभे होते.

"मीच की! या, या साहेब. वाटच बघत हुतो." आणि घराकडं वळून, "आगं, चहा टाक! भरपूर टाक, लई मानसं हायत!"

फौजदारानं हवालदाराकडं बघितलं. अशी वाट बघणारा माणूस त्यांनाही नवा असावा.

नाना पुढं, ते सगळे मागं. "हितनं या साहेब, तिकडं चिखल हाय. बूट भरतील." तुरीची पाचवी ओळ आली. माणसाच्या उंचीची दोन झाडं, तुरे धरायला लागलेली. नानांनी एकाच्या तुऱ्याखाली तळहात धरला, नातवंडाची हनुवटी उचलावी तसा. "दोन्ही माद्या हायत. आषाढात एक नर आल्ता, तो उपटून टाकला. लिवून घ्या ते बी."

"कोण कोण आहे या धंद्यात?"

"धंदा कुठला साहेब? देवाचं हाय. अर्जात लिवलंय की सगळं."

छबूबाई चहाची किटली आणि कप घेऊन बांधावर आल्या, तेव्हा दोन शिपाई झाडं मुळासकट उपटत होते. पावसानं रान ओलं. मुळांबरोबर काळ्या मातीची ढेकळं वर आली. वाल्मिकला आणि पलीकडच्या गोरक्षनाथला पंच म्हणून बोलावून आणलं होतं. कांदा मोजायचा काटा चाळीतून आणला आणि झाडं तशीच्या तशी, मुळं, खोड, ढेकळं, त्यावर ठेवली.

नाना पुढं झाले. "साहेब, आसं न्हाई मोजायचं. तुरे कापायचे, वाळवायचे, मग मोजायचे. निदान मुळं तरी झटका. मातीवर बी कर हाय का?"

नेहमीसारखं वाल्मिकच्या तोंडाशी काहीतरी आलं. पण त्यानं फौजदाराचा चेहरा बघितला आणि ते गिळलं.

"किती भरलं?" फौजदारानं विचारलं. काट्यावरच्या शिपायानं आकडा सांगितला. तालुक्याच्या साहेबांनी मान हलवली. लिहिलं गेलं.

चहा सगळ्यांनी घेतला. साखर पुढं करत छबूबाई म्हणाल्या, "कमी पडली असंल तर घ्या." फौजदारानं रिकामा कप बांधावर ठेवला आणि म्हणाला, "चला आजोबा. कपडे बदला."

"कुठं?"

"सह्या करायच्यात."

"परवान्याच्या?"

फौजदार जीपकडं चालायला लागला. नाना घरात गेले, सणाचं धोतर नेसले, टोपी घातली, पोहोच खिशात घेतली. देवापुढं हात जोडले. बाहेर आल्यावर हवालदारानं त्यांचं मनगट धरलं. ओढा ओलांडताना म्हाताऱ्याला धरतात तसं ते धरणं नव्हतं. छबूबाईंना तेव्हा कळलं. नानांना अजून कळलं नव्हतं. जीपमध्ये बसता बसता ते वाल्मिकला म्हणत होते, "दुपारच्याला म्हशीला तेवढं पानी दाखव."

अमृत कारखान्यातून पळत आला तोवर जीप जाऊन बराच वेळ झाला होता. आईनं सगळं सांगितल्यावर तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"आई, तुला ठाऊक हुतं?"

"हुतं."

"आन तू मला सांगितलं न्हाई."

"ते म्हनले, सांगू नको."

"ते म्हनले! त्यांनी सोताच्या हातानं कबुली लिवून दिली, वर शिक्का मारून घेतला, आन तू बघत बसलीस." अश्विनीनं आत जाऊन घटाचा दिवा नीट केला, वातीला तेल कमी पडलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून छबूबाई माणसं धुंडाळायला लागल्या. कुणीतरी पुढं येऊन सांगावं, हे देवाचं आहे, विकायचं नाही, एवढंच त्यांना पाहिजे होतं. आधी देवस्थानच्या कल्याणकडं गेल्या. कल्याण तरुण, शिकलेला, ट्रस्टचा सचिव. त्याचं बारसं छबूबाईंच्या मांडीवर झालेलं.

"कल्याण, तू लहान हुतास तवा तुझा बाप तुला खांद्यावर घेऊन चिलीम ठेवताना बघायला आनायचा. आठवतं का?"

"आठवतं काकू."

"मग तेवढंच सांग साहेबांना."

कल्याणनं मोबाईल उलटा ठेवला. "काकू, देवस्थानाला तीर्थक्षेत्राचा ब दर्जा मिळायचा आहे. फाईल मंत्रालयात आहे. सभामंडप, रस्ता, भक्तनिवास, सगळं त्यात. आता गांजाचं नाव देवळाला चिकटलं तर गेलं सगळं."

"मग?"

"पोलिसांनी विचारलं होतं ट्रस्टला. आम्ही लिहून दिलं की अशी काही प्रथा आमच्या देवस्थानात नाही."

"न्हाई म्हंजी? मग त्या पहाटेला आमी दरसाल काय करत हुतो?"

"काकू, मला समजून घ्या ना," कल्याण म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरले होते. त्यामुळं त्याच्यावर रागावताही येईना.

वाल्मिक घरी येऊन बसला. पंचनाम्यावर त्याची सही होती. "वहिनी, मी म्हनलो हुतो फौजदाराला, माती झाडा म्हनून. तो म्हनला, तुला बी बसवू का गाडीत. मग मी..." त्यानं सहीचा हात उलटा करून बघितला. "माज्या नातीचं लगीन हाय ओ."

"हां," छबूबाई म्हणाल्या. त्या दिवशी बांधावर त्याही होत्या. "चहा घेता का?"

वकील सापडल्या त्या आरती मॅडम. नगरच्या. तरुण वयाच्या, बोलायला नीट. सगळे कागद वाचून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काकू, केस साधी होती हो. झाड आपोआप उगवलं, आम्हाला माहीतच नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण हा अर्ज. यात त्यांनी स्वतः लिहिलंय. ओळ सुद्धा लिहिलीय, पाचवी."

"खोटं सांगायची सवय न्हाई त्यांना."

"तेच तर. तरी त्यांना विचारून बघू. म्हणावं, अर्ज दुसऱ्यानं लिहिला, तुम्ही नुसती सही केली."

तुरुंगात भेटायला अमृत आणि छबूबाई गेले. जाळीपलीकडं नाना. दाढी वाढलेली, टोपी नव्हती. टोपीशिवाय त्यांना छबूबाईंनी फक्त झोपेत बघितलं होतं. नानांनी आधी म्हशीची चौकशी केली, मग कांद्याची. मग अमृत बोलला. आपोआप उगवलं असं सांगायचं, नाना. अर्ज गावातल्या कुणीतरी चेष्टेनं लिहिला म्हणायचं.

"मी हातानं लावलंय," नाना म्हणाले.

"नाना, दहा वर्षं बी लागू शकतात. वकील मॅडम म्हनल्या."

"आरं, देवाच्या झाडाला बेवारशी म्हनू व्हय?" ते हळूच म्हणाले. हट्ट नव्हता त्यात. न जमणारं काम कुणी सांगितलं की माणूस जसं नाही म्हणतो, तसं ते म्हणाले. मग छबूबाईंकडं वळून, "हितं एक पोरगं हाय. त्याला बी ह्याच कलमात आनलंय. त्याला समजावलं मी कर कसा लावायला पायजे ते. लई नीट ऐकतं."

बाहेर आल्यावर अमृत भिंतीला टेकून रडला. छबूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना रडू आलं नाही. मनात एकच चाललं होतं, थंडी पडायला लागली आणि ह्यांचा स्वेटर घरी राहिला.

दिवाळी गेली. फराळ केला नाही, पण नानांच्या नावानं एक पणती लावली. जामिनाचा एक अर्ज फेटाळला गेला. मग आरती मॅडमनी अमृतला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, आईलाही आणा.

"त्यांना कधी डोक्याला मार वगैरे लागला होता का?"

लागला होता. काही वर्षांपूर्वी बैलानं ढकललं होतं, चाळीच्या खांबावर डोकं आपटलं होतं. नगरला नेऊन फोटो काढला होता. कागद अश्विनीनं पिशवीत जपून ठेवले होते. मॅडमनी ते उजेडाकडं धरून बघितले आणि टाईप केलेला एक कागद पुढं सरकवला.

"काकू, हे तुमचं शपथपत्र. मी वाचते, ऐका." आणि त्या वाचायला लागल्या. माझे पती वृद्ध असून डोक्याला मार लागल्यापासून त्यांची बुद्धी ठिकाणावर नाही. ते भ्रमिष्टासारखे वागतात. गांजावर शासनानं कर कसा लावावा, याबद्दल ते रोज गावात असंबद्ध बोलत असतात. सदर अर्ज त्यांनी त्याच अवस्थेत केला आहे.

"असंबद्ध म्हंजी?"

"म्हणजे, ज्याला आगापिछा नाही असं."

छबूबाई कागदाकडं बघत राहिल्या. संसारात त्या नानांवर पुष्कळ चिडल्या होत्या. किटली उशिरा आणतात म्हणून, बोलायला लागले की भाकरी गार होते म्हणून. पण नानांच्या बोलण्याला आगापिछा नाही, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. उलट सगळ्या गावात त्यांच्याच बोलण्याला आगापिछा होता. कर लावायचा, तो कुठं लावायचा, का लावायचा, आलेला पैसा कुठं जाईल, सगळं एकामागून एक.

"हे शपथेवर का?"

"हो."

"आन खोटं हाय."

आरती मॅडमनी पेन काढून कागदावर ठेवलं. "काकू, खरं सांगितल्यामुळं ते आत आहेत. मी काय करू, तुम्हीच सांगा."

अमृतची नजर आईच्या हातावर होती. छबूबाईंनी डोळे मिटले. नाथबाबा, त्यांना न्हाई, मला लागू दे, असं मनात म्हणाल्या. मग चौथीत शिकवलेल्या अक्षरात, एकेक वळण नीट काढत, सही केली.

कोर्टात नानांना आणलं तेव्हा ते वाळले होते. शिपायाशेजारी बाकावर बसले. छबूबाई मागं, अमृतजवळ. आरती मॅडम उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. वय, अशक्तपणा, डोक्याचा मार. मग त्या म्हणाल्या, यांची बुद्धी ठिकाणावर नाही, बोलण्याला आगापिछा नाही, खुद्द पत्नीनं शपथेवर तसं सांगितलं आहे.

नानांनी मान वळवली. सगळ्या कोर्टातून त्यांची नजर नेमकी छबूबाईंवर आली.

"आजोबा, तुम्हाला काही सांगायचंय?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं. आवाजात माया होती.

नाना उठले. त्यांचं तोंड उघडलं. छबूबाईंना ठाऊक होतं, आता ते बोलणार. एकदा बोलायला लागले की नर झाडापासून दोन कुलपांपर्यंत सगळं नीट, ओळीनं सांगणार, आणि त्या ओळीनंच परत आत जाणार. त्यांनी पदर सारखा केला, आणि देवापुढं जोडावेत तसे दोन्ही हात नवऱ्यापुढं जोडले.

नानांनी ते हात बघितले. उघडलेलं तोंड हळूहळू मिटलं. ते खाली बसले.

"बघा साहेब," आरती मॅडम म्हणाल्या.

जामीन झाला.

घरी आल्यावर नानांनी आंघोळ केली, जेवले, म्हशीच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. सहीबद्दल त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग एकदा तूर तोडताना, कमरेत वाकलेले असताना, न बघताच म्हणाले, "कुठं आगापिछा नव्हता गं माझ्या बोलन्यात?"

"आवो, तसं लिवावं लागतं."

"व्हय. लागत असंल."

अमृतनं आणि मॅडमनी बजावलं होतं. खटला संपेपर्यंत पारावर जायचं नाही, गांजाचं नाव काढायचं नाही. शहाण्यासारखं बोलताना कुणी मोबाईलवर धरलं तर जामीन जाईल. दूध घालायला आता अश्विनी जायची. गावानं मात्र ते शपथपत्र मनावर घेतलं. नाना दिसले की लोक आवाज मऊ करून बोलायचे, लहान मुलाशी बोलतात तसं. "नाना, जेवला का? काय जेवला?" वाल्मिक एकदा आला, जुन्या सवयीनं म्हणाला, "काय मंत्रीसाहेब," आणि मग जीभ चावली. नाना नुसते हसले. वाल्मिक कितीतरी वेळ थांबला, की आता तरी बोट वर येईल. बोट आलं नाही. तो उठून गेला.

माघात उत्सव झाला. भोंग्यावरची आरती वस्तीवर ऐकू यायची. दोघं ओट्यावर बसून ऐकत राहिले. कुणी बोलावलं नव्हतं आणि बोलावलं असतं तरी जाता आलं नसतं.

महिन्यातून एकदा ठाण्यातून सुनील हवालदार यायचा. वयाचा विचार करून नानांना हजेरीला बोलवायचं नाही, घरीच जाऊन बघून यायचं, असं ठरलं होतं. माणूस चांगला. गाडी लांब लावायचा, चपला बाहेर काढायचा. त्या दिवशी आला तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. पुढ्यात ताटलीत साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट. गुरुवार होता. गुरुवारचा उपास नानांनी लग्नाआधीपासून धरलेला, तुरुंगातसुद्धा मोडला नव्हता.

"बसा सायेब," छबूबाई म्हणाल्या. "खिचडी घेता?"

"नको काकू, नुसतं पाणी." सुनीलनं वही मांडीवर घेतली. "वरून विचारतात हल्ली, तब्येत कशी आहे, फरक आहे का. दोन शब्द लिहावे लागतात. त्यांच्याशी बोलू का जरा?"

"बोला की."

सुनील नानांकडं वळला. तोही आवाज मऊ करून बोलला. "आजोबा, आज वार कोणता आहे? सांगाल का?"

नानांचा घास हातातच राहिला. छबूबाईंना दिसलं, उत्तर त्यांच्या ओठांवर आलं. मग ते तिथंच थांबलं. नानांनी हवालदाराकडं बघितलं नाही. छबूबाईंकडं बघितलं. सांगू का, असं विचारणारी ती नजर होती. सगळा जन्म कुणालाही न विचारता बोललेल्या माणसाची.

छबूबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"त्यांना न्हाई सांगता येत, सायेब," त्या म्हणाल्या.

सुनीलची नजर ताटलीवर गेली, खिचडीवर क्षणभर थांबली. मग त्यानं वही उघडली आणि त्या म्हणाल्या तसं लिहून घेतलं.

नानांनी हातातला घास परत ताटलीत ठेवला आणि बोटानं साबुदाणे एकेक करून बाजूला सारत बसले.